सुभेदार साहेब, लोकसभेला उभे राहण्याआधी

वाचकाचे पत्र : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून २८ वर्षांची सेवा करून सुभेदार म्हणून घरी आलो. गाव गडहिंग्लज तालुक्यात आहे. चार एकर ऊस, दोन म्हशी, मुलगा पुण्यात नोकरीला आणि मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या भागातील माजी सैनिकांनी बैठक घेऊन असे ठरवले आहे की, पुढच्या लोकसभेला मी अपक्ष म्हणून उभे राहावे, कारण दिल्लीत आमचे प्रश्न मांडायला आमचाच माणूस हवा. ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) रेफरल असूनही काही रुग्णालये दाखल करून घेण्यास टाळाटाळ करतात. माझ्या कंपनीतील एका नाईकाची विधवा दोन वर्षे पेन्शनशिवाय दिवस काढते आहे, कारण डिस्चार्ज बुकात (नवऱ्याच्या सेवामुक्तीच्या पुस्तिकेत) तिचे माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे. माझा पुतण्या अग्निवीर आहे; तो चार वर्षांनी परत आला की त्याला माजी सैनिक म्हणूनही कोणी मोजणार नाही. मुलगा सांगतो की, अमेरिकेत माजी सैनिकांना निवडून आणण्यासाठी वेगळ्या संघटना आहेत, मग आपल्याकडे का नकोत? माझ्या पत्नीचे म्हणणे असे की, ग्रॅच्युइटीचे पैसे घरासाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मी उभे राहावे का?

सुभेदार साहेब, नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की, त्यात दोन प्रश्न आहेत. माजी सैनिकाने लोकसभेला उभे राहावे का, हा एक. आणि त्या नाईकाच्या विधवेची पेन्शन कशी सुरू होईल, हा दुसरा. तुमच्या बैठकीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पहिला पुढे आणला आहे, आणि माझी हरकत नेमकी तेथेच आहे. पुढच्या निवडणुकीत तुम्ही अपक्ष म्हणून उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्यासारख्या माणसाने सार्वजनिक कामात उतरावे, असेही माझे तितकेच स्पष्ट मत आहे. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी का म्हणते, ते सांगायला थोडी जागा लागेल.

हे मी बाहेरून पाहून लिहीत नाही. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि ते गेल्यानंतर आईची पेन्शन सुरू व्हायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी तिच्याबरोबर एका कार्यालयाच्या बाकावर किती वेळा बसले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही; पण ज्या दिवशी काम मार्गी लागले तो दिवस मला नीट आठवतो. त्या दिवशी कोणा पुढाऱ्याचा फोन आला नव्हता. पलटणीत क्लार्क म्हणून नोकरी केलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी आमचे कागद चाळले, वडिलांच्या कागदपत्रांतील जन्मतारीख आणि बँकेकडील जन्मतारीख यांत फरक आहे हे बोट ठेवून दाखवले, आणि अर्ज कोणाच्या नावे व कोणत्या शब्दांत लिहायचा ते सांगितले. एवढ्यानेच काम झाले. तुमच्या तालुक्याला अशा माणसाची गरज खासदाराहून अधिक आहे, असे मी म्हणते ते या अनुभवावरून.

आता वहिनींचे म्हणणे घेऊ. ती घरच्या बाईची नेहमीची भीती आहे असे समजून बाजूला सारू नका, कारण हिशेब त्यांच्या बाजूने आहे. लोकसभेच्या सर्वसाधारण उमेदवाराची अनामत २५,००० रुपये असते आणि अपक्षाला १० सूचक (अर्जावर सही करणारे मतदार) लागतात. एवढ्यावरून पुष्कळांना वाटते की उभे राहणे स्वस्त आहे. परंतु आपल्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची परवानगी आहे, आणि मोठ्या पक्षांचे उमेदवार त्या तयारीनेच मैदानात येतील. कोल्हापूर मतदारसंघात चंदगड, कागल, राधानगरी, करवीर, कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. गाडीच्या डिझेलपासून बूथवर बसणाऱ्या पोरांच्या चहापर्यंत सगळा भार ग्रॅच्युइटीवर पडला, तर ती पहिल्या पंधरवड्यातच संपेल. २०२४ साली या मतदारसंघात १९ लाखांवर मतदार होते आणि मतदान ७१ टक्क्यांच्या पुढे गेले होते. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर अनामत जप्त होते. म्हणजे त्या निवडणुकीत नुसती अनामत वाचवण्यासाठी सव्वादोन लाखांहून अधिक मते लागली असती. तुमच्या बैठकीत हे गणित कोणी फळ्यावर मांडले होते का? मोहिमेवर निघण्यापूर्वी शिधा, दारूगोळा आणि कुमक यांची मोजणी केल्याशिवाय तुम्ही कधी पाऊल टाकले नसेल, मग येथे का टाकता?

कोणी म्हणेल की, २००९ साली सदाशिवराव मंडलिक याच मतदारसंघातून अपक्ष निवडून आले होते. ते खरे आहे. पण मंडलिक त्या वेळी नवखे नव्हते. आमदारकी आणि खासदारकी त्यांनी आधीच केलेली होती, हातात साखर कारखाना होता आणि कागल तालुक्यात गावोगाव त्यांची माणसे होती. पक्ष सुटला तरी माणसे सुटली नाहीत, म्हणून ते निवडून आले. शिवाय अपक्ष निवडून येण्याची एक अडचण फार थोड्यांना ठाऊक असते : अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला, तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार त्याचे सदस्यत्व जाते. संसदेच्या समित्यांवरील जागा साधारणपणे पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात, त्यामुळे तुमच्या प्रश्नांची जेथे खरी छाननी होते त्या संरक्षणविषयक स्थायी समितीत एकट्या अपक्षाला जागा मिळणे अवघड असते.

असे असूनही माजी सैनिक संसदेत असावेत असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९५७ ते १९६१ या काळात लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीनकडून कोठे आणि कसा हल्ला होऊ शकतो याचा त्यांनी अंदाज बांधला, संरक्षणाची योजना तयार करून वरिष्ठांकडे पाठवली आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन सीमेवरील फौज किती अपुरी आहे ते सर्वांसमोर मांडले. तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनी ते मनावर घेतले नाही. १९६२ साली काय झाले ते तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. थोरात सेवेत होते, त्यांना जाहीरपणे बोलण्याची मुभा नव्हती आणि नसावी हेच लोकशाहीत योग्य आहे. पण सभागृहात असे कोणीतरी बसलेले हवे होते की, ज्याला इतक्या उंचीवर एका बटालियनला किती खेचरे लागतात आणि थंडीचे कपडे कधी पोहोचावे लागतात हे माहीत आहे, आणि ते माहीत असल्यामुळे मंत्र्याच्या गुळगुळीत उत्तरावर ज्याचे समाधान होत नाही. ही गरज आजही संपलेली नाही.

मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांनी ती जागा काही काळ भरून काढली. कोअर ऑफ इंजिनिअर्समधून निवृत्त होऊन ते १९९१ साली गढवालमधून लोकसभेवर गेले. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात रस्त्यांचे खाते त्यांच्याकडे होते, आणि कोल्हापूरच्या कडेने जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग ज्या सुवर्ण चतुष्कोनाचा भाग आहे तो प्रकल्प त्यांच्या काळात पुढे सरकला. पण मला त्यांचे मोठे काम वाटते ते २०१८ सालचे. संरक्षणविषयक स्थायी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि लष्कराचे ६८ टक्के साहित्य जुन्या पिढीचे आहे ही लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीसमोर दिलेली माहिती त्या समितीच्या अहवालात छापली गेली. तेव्हा त्यांचाच पक्ष सत्तेवर होता. त्याच वर्षी समितीची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद दुसऱ्या खासदाराकडे गेले. त्यामागे काय कारण असेल ते असो. पक्षाच्या चिन्हावर निवडून गेलेल्या सैनिकाला खरे बोलण्याची जागा किती दिवस मिळेल हे त्याच्या हातात नसते, एवढे मात्र यातून दिसते. म्हणजे अपक्षाला ती जागा मिळणे कठीण आणि पक्षाच्या माणसाला ती टिकवणे कठीण. उभे राहायचे असेल त्याने हे पत्करूनच उभे राहायला हवे.

देशाच्या संरक्षणावर प्रश्न विचारण्याचे हे झाले. माजी सैनिकांची पेन्शन, औषधपाणी आणि पुनर्वसन यांचा इतिहास पाहिला तर वेगळे काही दिसते, आणि तुमच्या बैठकीतील मंडळींनी ते शांतपणे ऐकावे अशी माझी विनंती आहे. समान पद, समान निवृत्तिवेतन ही मागणी कित्येक दशकांची. तिला नेमकी व्याख्या मिळाली ती २०११ साली, राज्यसभेच्या याचिका समितीच्या अहवालात. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, ते सैनिक नव्हते. २०१५ च्या उन्हाळ्यात माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले, ७ नोव्हेंबर २०१५ रोजी आदेश निघाला आणि योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली. ज्या वेळी म्हातारे सुभेदार आणि कर्नल रस्त्यावर बसले होते, त्या वेळी केंद्रीय मंत्रिमंडळात एक माजी लष्करप्रमुख आणि एक निवृत्त कर्नल राज्यमंत्री होते. मी कोणाच्या निष्ठेवर शंका घेत नाही. पण आपला माणूस दिल्लीत बसला म्हणजे आपला प्रश्न आपोआप सुटतो, हे त्या वर्षाने खोटे ठरवले.

दुसरे उदाहरण न्यायालयाचे आहे. लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) दलातील धरमवीर सिंग नावाच्या शिपायाला फेफऱ्याच्या आजारामुळे १९९४ साली सेवेतून घरी पाठवले आणि आजार सेवेमुळे झालेला नाही असे म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे धरले पाहिजे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. त्या एका शिपायाने चिकाटीने चालवलेल्या दाव्याचा आधार पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे कितीतरी जवानांनी घेतला. हे न्यायाधिकरण २००९ पासून काम करते आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तुमच्या भागात अपंगत्व पेन्शन नाकारलेले किती जण आहेत, याची नुसती यादी जरी तुम्ही केलीत, तरी ते एका प्रचारसभेपेक्षा मोठे काम होईल. यादी करताना एवढे लक्षात ठेवा की, २०२३ साली या पेन्शनचे नियम बदलले आहेत, त्यामुळे माणूस कोणत्या तारखेला निवृत्त झाला ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहून घ्या.

तुमच्या मुलाने अमेरिकेचा दाखला दिला आहे आणि तो चुकीचा नाही. इराकमध्ये हेलिकॉप्टरवर झालेल्या रॉकेट हल्ल्यात दोन्ही पाय गमावलेल्या टॅमी डकवर्थ आज तेथे सिनेटर आहेत आणि माजी सैनिकांच्या प्रश्नांवर त्यांचा शब्द वजनदार आहे. पण त्याच देशाची दुसरी बाजूही मुलाला वाचायला सांगा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी काँग्रेसमधील सुमारे तीन चतुर्थांश सदस्य सैन्यात राहून आलेले होते. आज ते प्रमाण पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. सभागृहे माजी सैनिकांनी इतकी भरलेली असूनही व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंज या विषारी फवारणीने आजारी पडलेल्या जवानांना भरपाईचा कायदा मिळायला १९९१ साल उजाडावे लागले. आणि २०१४ साली फिनिक्समधील सरकारी रुग्णालयात माजी सैनिकांच्या प्रतीक्षायाद्या लपवल्याचे उघड झाले, तेव्हा जो कायदा झाला तो दोन सिनेटरांनी मिळून घडवला : एक जॉन मॅकेन, ज्यांनी व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी म्हणून काढली होती, आणि दुसरे बर्नी सँडर्स, ज्यांनी कधी गणवेश घातला नव्हता. सँडर्स तेव्हा माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष होते आणि तो विषय त्यांना कागदोपत्री पाठ होता. मला हवा आहे तो असा खासदार, मग तो पलटणीतून आलेला असो की कारखान्याच्या संचालक मंडळातून. आपल्याकडेही १९६२ च्या पराभवानंतर संरक्षण खाते सांभाळायला गेले ते यशवंतराव चव्हाण, आणि तेही सैनिक नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की, लोकसभेची निवडणूक २०२९ साली व्हायची आहे तोवरचा काळ उमेदवार शोधण्यात घालवू नका, उमेदवारांना विचारायचे प्रश्न तयार करण्यात घालवा. प्रश्न असे असावेत की, ज्यांना 'आम्ही जवानांच्या पाठीशी आहोत' हे उत्तर चालणार नाही. आमच्या जिल्ह्यातील माजी सैनिकांच्या उपचारांची रुग्णालयांची बिले किती महिने थकली आहेत, हे तुम्ही लोकसभेत लेखी प्रश्न टाकून विचाराल का? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये होते, त्यांतील सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी आणि ८,३१७ कोटी ईसीएचएससाठी. वर्षाच्या अखेरीस ईसीएचएसचे पैसे अपुरे पडतात की काय, हे तपासण्यासाठी तुम्ही स्थायी समितीत जागा मागाल का? असे प्रश्न प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला एकाच सभेत, एकाच व्यासपीठावर, लेखी देऊन विचारा आणि उत्तरे गावोगाव वाचून दाखवा. संघटनेने एका उमेदवाराला उभे केले, की बाकीच्या सगळ्यांना उत्तर न देण्याची सोय होते. आणि निवडणूक संपल्यावर जो कोणी निवडून येईल त्याच्याकडेच तुम्हाला विधवांचे अर्ज घेऊन जायचे असते.

तुमच्या पुतण्याचा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने दिल्लीचा आहे. अग्निवीर ज्या योजनेतून भरती होतात ती अग्निपथ योजना २०२२ साली आली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुले कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. चोवीस-पंचवीस वर्षांची, हत्यार चालवायला शिकलेली, गुडघा किंवा कान दुखावून आलेली मुले गडहिंग्लज आणि चंदगडच्या एसटी स्टँडवर उतरतील, आणि त्यांच्यासाठी जिल्ह्यात एकही दार ठरलेले नसेल. याला सरकारी धोरणच बदलावे लागेल आणि त्यासाठी खासदारांवर दबाव हवा. तोवर तुमच्या संघटनेने स्वतःच्या सभासदत्वाचे नियम बदलून अग्निवीरांना आजच आत घ्यावे. सरकारने माजी सैनिक म्हटले नाही, म्हणून तुम्ही म्हणू नये असे थोडेच आहे?

उद्या तुम्ही किंवा तुमच्यातील कोणी उभे राहिलाच, तर एक गोष्ट आताच ठरवून ठेवा : फ्लेक्सवर गणवेशातील छायाचित्र नको, पलटणीचे चिन्ह नको, कारवाईतील प्रसंगांचे चित्र नको. प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली राजकीय पक्षांना बजावले आहे. पण आयोगाने सांगितले नसते, तरी मी हेच म्हटले असते. तो गणवेश ज्या नाईकाने तुमच्याबरोबर घातला त्याचे मत दुसऱ्या पक्षाला असू शकते. 'सुभेदार (निवृत्त)' एवढे नावापुढे लिहायला हरकत नाही, आणि आपल्या भागात तेवढे पुरते.

सार्वजनिक कामात उतरा असे मी म्हणते, ते कोठून, हेही सांगते. बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजला एक खोली घ्या. एक संगणक, एक प्रिंटर आणि पलटणीत क्लार्क राहिलेले दोन निवृत्त सहकारी एवढे जमले तरी पुरे. 'स्पर्श' या संगणकीय पेन्शन प्रणालीत हयातीचा दाखला भरणे हे साठी-सत्तरी ओलांडलेल्या जवानाला डोंगर चढण्याइतके अवघड जाते, आणि दाखला राहिला की पेन्शन थांबते. ईसीएचएसची योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, तरी तिच्या साध्या नियमांची माहिती घराघरांत नाही. अचानक झटका आला आणि यादीत नसलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे लागले, तर ४८ तासांच्या आत ईसीएचएसच्या जवळच्या पॉलीक्लिनिकला (दवाखान्याला) कळवावे लागते. हे माहीत नसल्यामुळे पुढे बिलाच्या परताव्यासाठी झगडत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. हा एक नियम मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी भिंतीवर लावा. चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ आणि कोल्हापूर लांब पडते, मग हेलपाटा नेमका कोठे मारायचा, हेही त्या कागदावर लिहा. दाखल करून घेण्यास नकार देणाऱ्या रुग्णालयाकडून तो नकार लेखी मागा, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. अशा वीस नोंदी जमल्या की, ते कागद कोणत्याही खासदाराच्या हातात देता येतील आणि त्याला त्यांवरून प्रश्न विचारता येईल. नुसती गाऱ्हाणी घेऊन गेलात, तर तो चहा पाजून परत पाठवील.

देखभाल म्हटले की आपण पेन्शन आणि औषधे यांवर थांबतो, याचे मला वाईट वाटते. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावले गेले, आणि १९७२ साली त्यांनी जर्मनीत हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, पण तो वेगळा विषय. माझे म्हणणे असे की, जखमी जवानाला पुन्हा उभे करायला ज्ञान आणि माणसे लागतात, आणि ती आपल्या जवळच आहेत : पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, तेथेच अपंग जवानांना हाताचे काम शिकवणारे, १९१७ साली स्थापन झालेले क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. तुमच्या तालुक्यात घरात पडून असलेल्या एखाद्या जवानाला यांतील एका दारापर्यंत पोहोचवलेत, तर त्याच्या घरचे तुम्हाला जन्मभर विसरणार नाहीत. असे पाच-सात वर्षे केल्यावर लोक स्वतःच म्हणाले की, सुभेदार साहेब, आता तुम्ही उभे राहा, तर त्या वेळी मला पुन्हा पत्र लिहा. माझे उत्तर बहुधा वेगळे असेल, आणि वहिनींचेही.

आता त्या माउलीचे काम, जे निवडणुकीपर्यंत थांबता कामा नये. नावातील फरक ही फार नेहमीची अडचण आहे आणि तिचा मार्ग ठरलेला आहे. माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे असे प्रतिज्ञापत्र करा. त्याला विवाहाचा पुरावा, ग्रामपंचायतीचा दाखला, पतीचा मृत्यूचा दाखला, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, आधार कार्ड आणि बँक पासबुक जोडा. हे सगळे घेऊन कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि कार्यालयामार्फतच अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवायला सांगा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, म्हणून अर्जात मागील दोन वर्षांच्या थकबाकीची मागणी वेगळी लिहा. दोन महिन्यांत उत्तर आले नाही, तर रेकॉर्ड ऑफिसला स्मरणपत्र आणि त्याची एक प्रत खासदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. तिला एकटीला पाठवू नका, तुम्ही स्वतः बरोबर जा. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत कोणाच्याही हाती ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. आणि पावसाचे दिवस आहेत, तेव्हा ते बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या.